कावळ्याकडे पाठ करून

नाय, नाय — असं हात जोडून उभं नका राहू, दादा. पैलं ते हात खाली घ्या. आणि तोंड इकडं करा, नदीकडं. पाठ त्याच्याकडं. अर्धी नको, पुरी पाठ — मान तिरकी करून चोरून बघायचं पण नाय. हां. आता बसा. पायरी ओली हाय, असू दे, आंघोळ तर तुम्हाला परत करायचीच हाय. तुम्ही रघुनाथ गुरुजींचे ना? धाकटे? श्रेयस — व्हय, नाव ऐकून माहीत हाय. पेणला घर, नोकरीला पुण्याला. आणि तुमच्या भटजींनीच धाडलं ना तुम्हाला? 'त्या मैनाकाकीला सांगा, ती बसली का कावळा शिवतो.' मला ठावं हाय सगळं. बायकांनी दहाव्याला घाटावर पाय ठेवू नये म्हणून सांगणारा हाच भटजी, आणि दुपार कलली, भुकेनं जीव कासावीस झाला का पैला निरोप मलाच. बोलवतात, मी येते. आज बोलवायला लागलं नाय, आज मी सकाळपासून हितंच हाय. का म्हणजे? असंच. बसा.

कावळा उंबरावर हाय ना? नका बघू, मला ऐकू येतो. एक म्हातारा हाय आणि दोन नवे. लय माजलेत. श्रावण-भादव्यात रोज कुणाचं ना कुणाचं पान मांडलेलं, वडे काय, शिरा काय, चहाचा कप काय — त्यांना काय पडलंय तुमच्या बापसाचं? आणि तुम्ही मघाधरनं त्यांना काय सांगत होतात, मी ऐकलं हां. 'बाबा, घर विकणार नाही. बाबा, आईला तिच्या मर्जीविरुद्ध पुण्याला नेणार नाही. बाबा, तुमची पुस्तकं वाचनालयाला देऊ.' अहो, कावळ्याला काय सातबारा दाखवताय? तलाठी हाय काय तो? आणि दर वेळेला बोलून झालं का वर बघायचं — आला काय, आला काय. त्याला कळतं दादा. आपला डोळा त्याच्यावर हाय हे त्याला पैलं कळतं. गिऱ्हाईक दुकानात शिरता शिरता दुकानदार लाळ गाळायला लागला का ते गिऱ्हाईक पण आल्या पावली मागं फिरतं, तो तर कावळा हाय.

मंग करायचं काय? काय्येक नाय करायचं. पाठ करून बसायचं आणि बोलायचं. कावळ्याचं सोडून काय पण. तुम्ही नाय, मी बोलते, तुम्ही नुसतं ऐका. आणि हाताला काम पायजे — म्हणून हा टोप. वाल हायत, कडवे. भिजवून मोड आणलेत, आता साल काढायची. तुमच्यात करतात ना बिरडं? करत असणार, पेणचे तुम्ही. आई सोलते का बाजारातनं सोललेलं आणता? हं. हे बघा, असा दाणा चिमटीत धरायचा आणि हलकं दाबायचं. सालातनं आपसूक सटकतो. जोर केला का मोड तुटला. माझं सगळं शास्त्र एवढंच हाय, भटजीला पोथी लागते आणि मला टोप लागतो.

हे कसं लागलं ते सांगते, ऐका. माझी सासू, धोंडुबाई. देवमाणूस नव्हती, मेल्यावर तरी कशाला खोटं बोलू. मला तिनं जन्मभर उभं ठेवलं आणि बसू दिलं नाय. गेली, तिचं दहावं इथंच, या पायरीवर. सगळे सोयरे जमलेले, आणि कावळा काय येईना. माझा घरवाला वरडून वरडून घसा बसला त्याचा — 'आये, देवळाला घंटा देईन, आये, बहिणींचं माहेर तोडणार नाय.' दीर रडला, नणंदा रडल्या. आणि मी? मला घरी सांजच्या जेवणाचा घोर. माणसं पन्नास, बिरडं सोलायचं राहिलेलं. म्हणून टोप घेऊनच आलेली. कोपऱ्यात नदीकडं तोंड करून बसले आणि सोलता सोलता आपली पुटपुटते — आता बसा म्हातारे उपाशी, मला एक दिवस चहा सुखानं पिऊ दिलात काय, आता नको तर नको येऊ, माझं काय अडलंय. तोंडातनं हे निघायला आणि मागं फडफड व्हायला एकच. शिवला! सगळे माझ्या पाया पडायला धावले. मैनानं बोलवला! मैनाच्या शब्दाला मान दिलान सासूनं! मी कुठं बोलवला? मी तर नको म्हटलं होतं.

तेव्हापासनं हे मागं लागलं. रोहा, नागोठणा, पार पेणपर्यंत. एकदा गडब गावाला नेलेली मला, हायवेच्या अंगाला त्यांचा मळा. बाप गेलेला, दोन पोरं एकमेकाकडं बघत नाय. सकाळपासनं पान मांडलेलं, कावळे तारेवर वळीनं बसलेले आणि एक पण खाली उतरंना. मी बसले. मला घोर कशाचा? माझी रोह्याची एसटी चुकत होती त्याचा! शेळीला जुलाब लागलेले घरी, तिचं मी सांगत बसले त्या पोरांना, तिला डाळिंबाची साल उगाळून द्यायची काय ओव्याचं पाणी — आणि आला की. पोरं गळ्यात गळा घालून रडली, मला साडी देत होती, मी म्हटलं साडी राहू दे बाबांनो, मला नाक्यावर सोडा, एसटी गाठायची हाय.

हसलात. बरं वाटलं. गुरुजी पण असेच हसायचे, आवाज न करता. घर पेणला असलं तरी त्यांची शाळा हितंच, आमच्या घरासमोर, मधल्या सुट्टीत पाणी प्यायला यायचे ना आमच्या वटीवर. त्यांना माझी ही कावळ्याची गोष्ट लय आवडायची. एकदा बोलले, 'मैना, गीतेत हेच सांगितलंय. काम करावं, फळाची आशा धरू नये. मग काम चोख होतं.' मी म्हटलं, गुरुजी, तुमची गीता मोठी असेल, पण मला यात काय मोठं दिसत नाय. दुसऱ्याच्या मयताचा कावळा — मला आशा होतीच कधी, का सोडायला लागेल? नसलेल्या म्हशीचं दूध सोडलं म्हणून मी काय उपास केला काय? मंग गुरुजींनी पाणी संपवलं. पेला खाली ठेवला आणि बोलले, 'खरंय. कधी तुला स्वतःला हवं असेल आणि तेव्हा जमलं, तर मला येऊन सांग.' व्हय, अगदी असंच बोलले. आता सांगायला यावं तर तेच पानावर येऊन बसलेत.

कुठं बघताय? नदीकडं बघा. पाणी बघा कसं लाल हाय, वरती डोंगरात पाऊस पडतोय अजून. — ते? ते दुसरं पान? असेल कुणाचं तरी. घाट काय एकट्या तुमचा हाय काय? सकाळचं हाय ते. नाय शिवला त्याला, व्हय. आता त्याचं काढू नका, आपण कावळ्याचं सोडून बोलतोय ना. पुलावर बघा त्यापेक्षा. टेंपो चाललाय, गणपतीचा, प्लास्टिक बांधलंय वरनं. हमरापूरचाच असणार, तिथल्या मूर्तीच्या कारखान्यातला. आता रोज जातील. आमचा पाट पण तिथंच पडून हाय, हमरापूरला. दर वर्षी आमचा पाट जातो आणि त्याच पाटावर गणपती येतो. यंदा आषाढातच पाट टाकून आला, मागच्या वर्षी उशीर झाला आणि मनासारखा नाय मिळाला म्हणून. सोबत पोरीला घेऊन गेला, तिनं पिवळ्या सोवळ्याचा पसंत केला. घरी येऊन मला सांगतो, आये, उंदराच्या हातात पण लाडू हाय बघ — सांगतो कुठं, सांगत होता. सांगत होता. आता यंदा आमच्यात गणपती नाय. पाट कोण आणायचा ते पण —

व्हय.

व्हय दादा, ते पान माझ्याच घरचं हाय. माझा रितेश. तुम्ही नका उठू! बसा म्हणते ना. तुमच्या बापसाचं राहिलंय अजून. मला काय होत नाय, मी बोलते, तुम्ही ऐका, तसंच ठरलंय ना आपलं. रितेश, एकुलता. गुरुजींच्या हाताखालचाच, पाढ्यांना पक्का. कंपनीत होता, शिफ्टला. रात्रपाळी करून यायचा आणि तसाच लावणीला चिखलात उतरायचा, मी बोलायचे झोप रे थोडा, तर बोलायचा, आये, रोपं काय माझी झोप व्हायची वाट बघणार हायत? ताप आला. अंगावर काढला. चिखलातला ताप, लेप्टो का काय बोलतात तो. पेणला नेला तवा डोळे पिवळेधम्मक. डॉक्टरांनी केलं सगळं, मी नाय कुणाला नावं ठेवत. आमची वेळच भरली.

आणि बघा ना — सकाळपासनं सगळे मलाच बोलतात, 'मैना, तू बस. तुझ्या हाताला येतोच.' जसा काय दुसऱ्याचा हाय. मी पण बसले. खरंच बसले! परवा वाल भिजत घातले तवा शेजारीण बोलली, अगो, पोराच्या दहाव्याला टोप घेऊन जाणार तू? म्हटलं, घेऊन जाणार. सगळ्यांसाठी नेला तो माझ्या पोरासाठी नको काय? या पायरीवर बसले, पाठ केली, सोलले, बोलले. शेळीचं बोलले, एसटीचं बोलले, भाताला कीड लागली ते बोलले. हात चालत होते, तोंड चालत होतं, पण पाठीला डोळे फुटले होते दादा. पान हललं तरी मला कळत होतं. तीनदा खाली उतरला तो म्हातारा, पानापर्यंत आला, बिरडं-भाताकडं बघितलान आणि गेला. माझ्या हातचं बिरडं! जित्या रितेशनं कधी पानात टाकलं नाय ते. माझ्या दिरानं सांगून बघितलं, शेती पडीक ठेवणार नाय. अनितानं सांगून बघितलं — सून माझी, ती बघा, तिथं छत्रीखाली, आता नदीकडचीच बाजू हाय ती, बघा खुशाल — तिनं सांगितलं, आईंना सोडून कुठं जाणार नाय. हे बोलली आणि कावळा आणखी वरच्या फांदीवर गेला. सगळ्यांना नवल वाटलं. मला नाय वाटलं.

का नाय म्हणजे?

हं. तुम्ही पण गुरुजींचेच. गप बसून बरोबर जागी बोट ठेवता. आता काय, तुम्ही परके, उद्या पुण्याला जाल, परत आमचं तोंड दिसायचं नाय. सांगते. बोलायचंच तर हाय. — दवाखान्यात शेवटाला शुद्ध होती त्याला थोडी. अनिता खाली गोळ्या आणायला गेलेली, मी एकटी जवळ. मला बोलला, 'आये, अनिताला बांधून ठेवू नको. तिला नर्सिंगचं शिकायचं होतं पेणला, मीच लग्नाची घाई केली. तिला शिकव. आणि पुढं तिनं दुसरं घर करायचं मनात आणलं तर मधी येऊ नको, तूच पुढं होऊन कर. शब्द दे.' मी काय बोलले ठावं हाय? मी बोलले, गप रे, तू बरा होऊन घरी ये मंग बघू. शब्द नाय दिला. तो माझ्या तोंडाकडं बघत राहिला, आणि मी सलाईनच्या बाटलीकडं बघत बसले. अनिता आली वर, आणि मंग ते परत नाय निघालं.

सव्वीस वर्षांची हाय ती. चांगली हाय, माझी सासू मला होती तशी मी तिला झाले नाय, देवाच्यान. पण ती गेली का पोरगी जाणार ना दादा. अनन्या. आयशीसंगंच जाणार ती, जायलाच पायजे. मंग त्या घरात कोण? मी आणि हा टोप. सकाळी उठून कुणाची वेणी घालू? रितेशचं नाक हाय तिला, झोपली का त्याच्यासारखीच मूठ आवळून झोपते. मी रात्री तिच्या मुठीत माझं बोट घालून पडते, आणि तेवढ्यावर माझी सकाळ होते. तेवढंच उरलंय, आणि तो कावळा नेमकं तेवढंच मागतोय. दुसरं मागितलं असतं तर दिलं असतं. जमीन दिली असती, माझा जीव हितंच या पाण्यात दिला असता. ते नाय मागत.

आणि दुसरं सांगू? कुणाला नाय सांगितलं. तो यायला नको असं पण वाटतंय मला. शिवला म्हणजे सुटला ना रितेश. सगळे छत्र्या मिटून घरी जातील, जेवतील, बोलतील, चला, पोर मार्गाला लागलं. आता निदान अडलाय. माझ्यापाशी अडलाय. हितं कुठं तरी हाय, उंबराखाली, पायरीवर, भुकेला का होईना पण हाय. मंग लगेच वाटतं, अगो मैने, आई हायस काय कोण हायस? पोराला असं उपाशी ताटकळत ठेवतेस? जनाची नाय तर —

देते. दिला. ऐका दादा, तुम्ही साक्षी. रितेश, ऐक रे बाबा. अनिताला मी बांधून ठेवणार नाय. शिकवीन तिला. तिनं दुसरं घर मागितलं तर मी उभी राहीन, अक्षता मी टाकीन. आणि पोर — पोर पण तिचीच. घेऊन जाऊ दे. जा तू. जा, माझ्या राजा, जेव आणि जा.

...

फडफडलं. ऐकलंत? आला. आला, नका बघू, नका बघू, खाली उतरलाय, पान वाजलं — वरडतायत बघा सगळे, शिवला! शिवला बोलतायत ना? शिवला! आता बघा, आता बघितलेलं चालतं, माझी नाय वळत मान, तुम्हीच बघा. बघा आणि सांगा मला. कुठल्या पानाला? बोला ना.

बोला, दादा.

बरं. नका बोलू. तोंडावरनं कळलं.

चांगलं झालं. गुरुजींचं झालं. रडू नका, आनंदाची गोष्ट हाय ही, तुमचा बापूस सुखानं गेला, तुमच्यावर कसलाच राग नव्हता त्याचा. शिरा खाल्ला? भरपूर? बघा, गुरुजींना मी पार इसरले होते, म्हणून आला. आणि शेजारच्या पानाकडं — फिरकला पण नाय? नुसतं बघितलान? उडाला व्हय. पलीकडच्या तीराला. आणि बाकीचे दोन? ते पण.

हं.

मी शब्द दिला तो कावळ्याला दिला ना, पोराला नाय. देता देता कान मागंच लागलेले होते माझे. तुम्ही घर विकणार नाय म्हणत होतात तसंच ते. मघाशी तुम्हाला हसले मी.

काय म्हणता? मनापासनं होतं? तुम्हाला वाटलं असेल. तुम्ही भले माणूस. उठा आता, तुमचे लोक हाका मारतायत, पिंड पाण्यात सोडा, आंघोळ करा, घरी जाऊन जेवा. आईला जेवायला घाला पैलं. आणि एक करा. मघाशी जे माझ्या तोंडातनं गेलं ते या पाण्यात सोडून द्या. मी काय बोललेच नाय. नाय, हात जोडते, ऐका माझं — तो आला असता तर पाळलं असतं, खरंच पाळलं असतं, आता कुणासाठी पाळू? अनिताला एक शब्द बोलायचा नाय तुम्ही. परक्याच्या घरात बोलू नये माणसानं. ती येतेच हाय इकडं. गप, आता गप.

व्हय गो अनिता, बघितलं. गुरुजींना शिवला. नाय, आपल्याला नाय. भावजींना सांग, भटजी बोलतोय तर दर्भाचा करा कावळा. किती वेळ ताटकळत ठेवायचं सगळ्यांना. दर्भाचाच करा. त्याला काय, हातानं नेला का शिवतो, तो कुणाच्या मनात बघत नाय. जा तू पुढं, सांग जा. पोरीला इथं ठेव माझ्याजवळ.

ये गो बाय. बस अशी, मांडीवर. भूक लागली? आता जायचंच घरी. हे बघ, वाल. धर एक. असा धरायचा आणि हलकं दाबायचं, हलकं — अगो, तुटला ना! एवढी मूठ आवळलीस कशाला? दाखव. ... असू दे. असू दे, माझे आये. घट्टच धर.

तुम्ही उभे का अजून? जावा, दादा.